खायचे की ठेवायचे? ईस्टरच्या अंड्यांची घरगुती कला

ईस्टरचे अंडे रंगवायला घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हे अंडे खायचे आहे की ठेवायचे? रंग कोणता घ्यायचा, मेण वापरायचे का, अंडे उकडायचे, कच्चेच राहू द्यायचे की आतले काढून रिकामे करायचे, हे सगळे या एका उत्तरावर ठरते. हौशी मंडळींसाठीच्या सूचनांमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. मग नेलपॉलिशच्या लाटा उमटवलेले अंडे आणि हळदीत बुडवलेले अंडे एकाच टोपलीत शेजारी बसतात आणि मुलांच्या हाताला आधी कोणते लागेल याचा भरवसा नसतो. युरोपातल्या जुन्या घरांनी ही वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. युक्रेनमध्ये एकाच रंगात रंगवलेले, उकडून खायचे अंडे म्हणजे क्राशांका आणि मेणाने नक्षी काढलेले, जपून ठेवायचे कच्चे अंडे म्हणजे पिसांका. दोन्ही ईस्टरचीच, पण दोघींची जागा वेगळी.

अंड्यांची आणि ईस्टरची गाठ पडली ती उपवासामुळे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात मांस आणि दूधदुभत्याबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नाही. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की त्या जास्त अंडी घालतात. म्हणजे खायला बंदी आणि घरात अंड्यांची रास, असा तो काळ. उपवास सुटण्याच्या दिवशी ही अंडी उकडून, रंगवून, चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्सची नोंद आहे. सोन्याचा वर्ख लावून किंवा रंगवून ती राजपरिवारात वाटण्यासाठी होती. अंड्याच्या कवचावर काहीतरी काढावे ही ओढ त्याहून कितीतरी जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ इथल्या गुहेत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे सापडले, ते सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे. इराणमध्ये नवरोजच्या मांडणीत आजही रंगीत अंडी असतात.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खायच्या अंड्याचा सगळा कारभार तिथेच आहे. कवच जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे. त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि वरून प्रथिनाचा एक पातळ पापुद्रा असतो. बाजारातला खाण्याचा रंग या पापुद्र्याला धरतो आणि त्यासाठीच पाण्यात व्हिनेगर घालतात. आंबट पाण्यात प्रथिनावर धन विद्युतभार येतो, रंगाच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. एक कप गरम पाण्याला एक चमचा व्हिनेगर पुरते. जास्त घातले किंवा अंडे त्यात फार वेळ ठेवले तर आम्ल कवचच खाऊ लागते, बुडबुडे येतात आणि रंग धरलेला थरच निघून जातो. रंगात डाग पडतात ते बहुधा बोटांच्या तेलकटपणामुळे. अंडे आधी व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसले की हा त्रास राहत नाही.

वनस्पतींचे रंग थोडे सावकाश चढतात, पण त्यांच्यातली खोली बाटलीतल्या रंगाला येत नाही, असे माझे ठाम मत आहे. यात पहिला मान कांद्याच्या सालींचा. इंग्लंडपासून बाल्कन देशांपर्यंत सगळीकडे ईस्टरची अंडी याच सालींत उकळली गेली. भांडेभर कोरड्या साली पाण्यात उकळायच्या, त्यातच अंडी शिजवायची आणि ती त्याच पाण्यात थंड होऊ द्यायची. पिवळ्या कांद्याच्या सालींनी केशरी ते तपकिरी छटा येतात, लाल कांद्याच्या सालींनी अधिक गडद, विटकरी. आपल्याकडे या साली रोज केरात जातात. महिनाभर एका कापडी पिशवीत साठवल्या की डझनभर अंड्यांची सोय होते.

याच सालींच्या पाण्यातून एक अप्रतिम घरगुती नक्षी निघते, आणि नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असे मी सुचवेन. कोथिंबिरीचे किंवा नेच्याचे एखादे कोवळे पान पाण्याने ओले करून अंड्यावर चिकटवायचे. त्यावर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट आवळायचा आणि अंडे सालींच्या पाण्यात उकळायचे. पानाखाली रंग पोचत नाही. मोजा सोडला की गडद जमिनीवर पानाची शीर न् शीर फिक्या रंगात उमटलेली असते. स्लोव्हेनियापासून लाटव्हियापर्यंत ही रीत घरोघर आहे. लाटव्हियात पानांबरोबर धान्याचे दाणेही बांधतात. शेवग्याची बारीक गोल पाने किंवा गाजराचा पाला यांनाही हे काम छान जमेल. पान सपाट आणि पातळ हवे, बांधणी घट्ट हवी, बाकी सगळे पाणी करते. शेवटी कापसाच्या बोळ्याने तेलाचा हात फिरवला की रंग उजळतो. हे अंडे खाता येते आणि मुलांना चाकू किंवा जळत्या मेणबत्तीच्या जवळ जावे लागत नाही.

जांभळ्या कोबीचे पाणी चक्रावून टाकते. व्हिनेगर घातले की ते गुलाबी होते, पण त्यातून बाहेर आलेले पांढरे अंडे असते निळे. कोबीतला रंग आम्लात गुलाबी आणि आम्ल मारले गेले की निळा होतो, आणि अंड्याचे कवच स्वतःच आम्ल मारणारे असल्याने ते रंगाला आपल्या पृष्ठभागावर निळे करून घेते. अंडे रात्रभर फ्रिजमध्ये या पाण्यात राहिले तर निळाई गडद होते. आधी हळदीत आणि मग कोबीत बुडवले तर हिरवे मिळते. बिटाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. भांड्यात दिसणारा तो गर्द रंग कवचावर फिका आणि मातकट उतरतो.

हळदीबद्दल आपल्याला वेगळे काही सांगायला नको, पण एक प्रयोग मराठी घरात सहज सुचावा. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू याच गुणावर बनत आले. हळदीत पिवळे केलेले अंडे कोरडे करून त्यावर चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या बारीक काडीने रेघा ओढल्या की पिवळ्यावर लालसर तपकिरी नक्षी उठते. युरोपातल्या परंपरांमध्ये हा प्रकार माझ्या पाहण्यात नाही, पण त्यामागचे रसायन आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदते आहे.

लाल रंगाचे खरे घर म्हणजे ग्रीस. तिथे पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात. लाल म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, आणि फुटणारे कवच म्हणजे उघडलेली कबर, असा त्याचा अर्थ लावतात. शनिवारी मध्यरात्री पुनरुत्थानाची घोषणा झाली की प्रत्येक जण आपल्या अंड्याचे टोक दुसऱ्याच्या अंड्यावर आपटतो. ज्याचे शेवटपर्यंत अभंग राहील त्याचे वर्ष भाग्याचे. रंगवलेल्या अंड्यांपैकी एक घरातल्या पवित्र चित्रांजवळ वर्षभर ठेवण्याचीही चाल आहे. बाकीच्या अंड्यांवर नक्षी जवळजवळ नसतेच. एकच रंग, पण नीट चढलेला आणि तेलाने चमकवलेला. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी दहा प्रकार अर्धवट करण्यापेक्षा ग्रीकांसारखी एकाच रंगाची टोपली करावी. ती जास्त देखणी दिसते.

ठेवायच्या अंड्यांच्या प्रांतात पिसांकेइतकी खोल परंपरा दुसरी नाही. युनेस्कोने २०२४ च्या डिसेंबरात तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांच्या नावे. तंत्र आपल्या ओळखीच्या बाटिकसारखे आहे: मेण जिथे बसेल तिथे रंग पोचत नाही. पण कापड सपाट असते आणि अंडे सगळीकडून गोल, शिवाय हातातून निसटणारे. लहानशा काठीला पितळेची इवलीशी नळी बसवलेले हत्यार असते, त्याला पिसाचोक किंवा किस्तका म्हणतात. नळी मेणबत्तीवर तापवून मधमाशांच्या मेणात खुपसायची आणि कवचावर रेघ ओढायची. काजळीमुळे मेण काळे पडते, त्यामुळे पांढऱ्या अंड्यावर रेघ दिसते.

पिसांकेत उलटा विचार करावा लागतो. पांढऱ्या अंड्यावर पहिल्यांदा मेण लावायचे ते जिथे पांढरे राखायचे तिथे. मग अंडे पिवळ्या रंगात. त्यानंतरचे मेण जिथे पिवळे राखायचे तिथे. मग नारिंगी, मग लाल, आणि शेवटी काळा. फिक्याकडून गडदाकडे असा हा प्रवास आहे आणि मागे फिरायला वाट नाही. हिरवा आणि निळा या ओळीत बसत नाहीत, म्हणून ते काडीने किंवा कुंचल्याने नेमक्या जागी टिपके देऊन लावतात आणि लगेच मेणाखाली झाकतात. सगळे संपते तेव्हा हातात असतो एक काळाकुट्ट, मेणाने खरखरीत झालेला गोळा. मग तो मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरायचा. वर धरला तर काजळी बसते. मेण वितळू लागले की मऊ कापडाने पुसत जायचे, आणि एकेक करून सगळे रंग वर येतात. इतका वेळ आंधळेपणाने केलेले काम शेवटच्या काही मिनिटांत दिसावे, असा अनुभव घरगुती कलांमध्ये फार थोड्या ठिकाणी मिळतो.

पिसांकेची खरी परीक्षा मात्र रंगात नसून अंड्याच्या गोलाईची वाटणी करण्यात आहे. आधी अंड्याभोवती उभी एक, आडवी एक अशी वर्तुळे काढून त्याचे समान भाग करतात आणि त्या चौकटीत तारे, गव्हाची कणसे, हरणे, जाळी बसवतात. पेन्सिलची फिकी रेघ चालते, पण खोडरबर वापरायचे नाही. घासलेली जागा रंग नीट घेत नाही. अंडे उकडलेलेही चालत नाही, उकडल्यावर कवच रंग तितका एकसारखा घेत नाही. गोलाईची ही अडचण किती मोठी आहे ते कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या व्हेग्रेव्हिल गावी दिसते. स्थलांतरित युक्रेनी लोकांच्या या परिसरात १९७५ साली सुमारे ९ मीटर उंचीची अॅल्युमिनियमची पिसांका उभी राहिली. अंड्याची गोलाई सपाट तुकड्यांनी साधण्यासाठी रोनाल्ड रेश या संगणकतज्ज्ञाने गणित मांडले. त्यातून २,२०८ त्रिकोण आणि ५२४ तारे जोडून ते अंडे तयार झाले. गावातली आजी हेच गणित नजरेने करत आली.

सोव्हिएत काळात धार्मिक चाल म्हणून पिसांकेवर रोष होता. तिला जपण्यात परदेशी गेलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा आहे, आणि त्याहून आधी नमुने टिपून ठेवणाऱ्या संग्राहकांचा. लुबनी इथल्या कातेरिना स्कार्झिन्स्का यांच्या संग्रहातल्या दोन हजारांहून अधिक पिसांकांची सूची १८९९ साली छापली गेली. गावोगावचे नमुने त्यामुळे पुढच्यांच्या हाती राहिले. कोलोमिया शहरात आज पिसांकेचे संग्रहालय आहे आणि त्याची इमारतही अंड्याच्या आकाराची आहे. कार्पाथियन डोंगरातले हुत्सुल लोक मानतात की पिसांका लिहिल्या जात आहेत तोवर जगाचा नाश होणार नाही. २०२२ पासून युद्धात असलेल्या देशात ही श्रद्धा किती वजनाची आहे, ते वेगळे सांगायला नको.

ही नळी आपल्याकडे दुकानात मिळणे कठीण, पण म्हणून मेणाचा नाद सोडू नये. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स प्रदेशातले सोर्ब हे अल्पसंख्य स्लाव लोक नळीशिवाय काम करतात. हंसाचे पीस घेऊन त्याचे टोक कात्रीने त्रिकोणी किंवा चौकोनी कापायचे, वितळलेल्या मेणात बुडवायचे आणि अंड्यावर टेकवायचे. प्रत्येक टेकवणीला एक स्वच्छ त्रिकोण. टिंबांसाठी काठीला टोचलेली टाचणी, तिच्या डोक्याने. अशा त्रिकोणांच्या रांगेला ते लांडग्याचे दात म्हणतात आणि ती वाइटापासून राखण करते असे मानतात. बाउत्सेन शहरात ईस्टरआधी अशा अंड्यांचा बाजार भरतो. घरी पिसांकेची चव घ्यायची असेल तर माझी पसंती या सोर्ब रीतीला. हत्यार फुकट, चूक झाली तरी नक्षी बिघडत नाही, आणि त्रिकोण-टिंबांची भाषा रांगोळी काढणाऱ्या हाताला परकी नाही. फक्त मेण पुरेसे तापलेले हवे. कोमट मेण कवचावर धरत नाही, पोपडा होऊन सुटते आणि रंग आत शिरतो.

खरडण्याची रीत त्यामानाने सरळ आहे. अंडे आधी गडद रंगवायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि सुईने किंवा धारदार टोकाने रंग खरडून पांढरी रेघ काढायची. पोलंडमधल्या ओपोले भागातल्या बायका यातून अशी फुले काढतात की अंड्यावर लेस चढवल्यासारखे वाटते. इंग्लंडच्या उत्तर भागातही ही चाल होती. ग्रासमिअर इथल्या वर्डस्वर्थ संग्रहालयात कवीच्या मुलांसाठी सजवलेली ईस्टरची अंडी जपलेली आहेत. गावरान अंडे असेल तर याची उलटी रीत करून पाहावी. त्याचा तपकिरी रंग कवचाच्या वरच्या थरातच असतो. त्यावर मेणाने नक्षी काढून अंडे काही मिनिटे व्हिनेगरमध्ये ठेवले आणि मऊ ब्रशने हलके घासले की उघडा तपकिरी थर निघून जातो. मेण पुसल्यावर पांढऱ्यावर तपकिरी नक्षी राहते, रंगाचा एक थेंबही न वापरता. कवच पातळ होत जाते, त्यामुळे लक्ष ठेवून वेळीच बाहेर काढायला हवे.

चिकटवण्याच्या प्रकारांत मोराव्हियातल्या हाना भागाचे काम अव्वल. सातूचे पेंढे भिजवून, चिरून, इस्त्रीने सपाट करून त्यांचे तांदळाएवढे चौकोन कापतात आणि गडद अंड्यावर एकेक बसवतात. उजेडात ते सोन्यासारखे झळकतात. पोलंडच्या वोविचमध्ये रंगीत कागदाची कातरकामे चिकटवतात. स्लोव्हाकियात तारेची जाळी विणतात. हंगेरीत तर लोहार रिकाम्या अंड्याला इवलेसे लोखंडी नाल ठोकतात. घरी करण्यासारखी यातली कागदाचीच. कागदी रुमालाचा छापील वरचा पदर सोडवून, फाडून, पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवला की गोलाईवर सुरकुती येत नाही. कात्रीने कापलेली कड मात्र उठून दिसते.

लहान मुलांच्या प्रकारांवर फार वेळ घालवायचे कारण नाही. गरम अंड्यावर मेणाच्या खडूने काढले की खडू वितळत जातो. झाकणाच्या डब्यात मूठभर तांदूळ, रंगाचे थेंब आणि अंडे घालून हलवले की ठिपके उठतात. रबरबँड गुंडाळून बुडवले की पट्टे. दाढीच्या फेसावर रंग पसरून त्यात अंडे लोळवायची रीत सध्या फार दिसते. खायच्या अंड्यासाठी तिथे फेटलेली क्रीम घ्यावी. अमेरिकेत १८८० साली न्यूअर्क शहरातल्या विल्यम टाउनली या औषधविक्रेत्याने रंगाच्या गोळ्या ५ सेंटला विकायला काढल्या, त्याच पाकिटांची पुढची आवृत्ती आज सगळीकडे आहे. त्यात वाईट काही नाही, पण चकचकीत चिकटपट्ट्यांचे आवरण चढवणारे संच मला पटत नाहीत. त्यांच्यात मुलाच्या हाताला करायला काही उरतच नाही.

रेशमाची युक्ती मात्र आवर्जून करावी. जुन्या छापील शुद्ध रेशमी कापडाचा तुकडा उजवी बाजू कवचाकडे करून अंड्याला घट्ट गुंडाळायचा, वरून पांढरे सुती कापड बांधायचे आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीसेक मिनिटे मंद उकळायचे. रेशीमही प्रथिनच, त्यामुळे त्यातला रंग कवचाच्या पापुद्र्यालाही धरतो आणि कापडावरची नक्षी अंड्यावर उतरते. पॉलिस्टरने हे होत नाही. कापडाचा रंग पोटात जाण्यासाठी नसतो, तेव्हा हे अंडे ठेवायचेच.

ठेवायचे म्हटले की रिकामे करणे आले. दोन्ही टोकांना सुईने भोके पाडून, आतला बलक लांब सुईने फोडून, सुई काढलेल्या सिरिंजने हवा आत लोटली की सगळे बाहेर येते. तोंडाने फुंकू नये, कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आत साबणाचे पाणी फिरवून वाळवावे. बाहेर आलेल्या अंड्यांची लगेच, नीट शिजवून भुर्जी करावी. रिकामे अंडे रंगात तरंगते, म्हणून भोके मेणाने बुजवून ते चमच्याने दाबून धरावे लागते. जर्मनीत अशी अंडी झाडांना टांगतात. झालफेल्ड गावातल्या एका कुटुंबाने १९६५ साली १८ अंड्यांनी सुरू केलेले सफरचंदाचे झाड पुढे १०,००० अंड्यांपर्यंत पोचले. मेक्सिकोत रिकाम्या कवचात कागदाचे रंगीत कण भरून, भोकावर पातळ कागद चिकटवून ती एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. ऑम्लेटसाठी अंडी टोकाला थोडीशीच फोडत गेले की काही आठवड्यांत मुलांच्या फौजेला पुरतील इतकी कवचे जमतात.

मुंबई-वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत खऱ्या अंड्यापेक्षा मार्झिपॅनचे अंडे जास्त रुजले. युरोपातले बदामाचे वाटण गोव्यात काजूचे झाले. साच्याच्या दोन अर्ध्यांत ते दाबून, जोडून, वर आयसिंगची फुले आणि पाकळ्या काढतात, कधी घरातल्या मुलाचे नावही. वांद्रे-माहीमच्या बेकऱ्यांत ईस्टरच्या आठवड्यात ती रांगेने मांडलेली असतात आणि साचा आणला तर घरीही होतात. आपल्या हवेत ही निवड शहाणपणाची आहे. ज्या घरात अंडे येत नाही तिथे मुलांना लाकडी अंडी रंगवायला द्यावीत. रशियात ती जुनी चाल आहे.

एप्रिलच्या उकाड्यात थोडा हिशेबही पाळायला हवा. उकडलेले अंडे फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. बागेत लपवायच्या खेळासाठी म्हणून वेगळी अंडी ठेवावीत आणि ती खाऊ नयेत. फ्रिजमधली आठवड्याच्या आत संपवावीत. कच्ची पिसांका युक्रेनच्या थंड, कोरड्या घरात वर्षानुवर्षे वाळत जाते आणि शेवटी आतला बलक सुकून खुळखुळतो. इथल्या दमटपणात ती तडकण्याचा धोका जास्त, आणि तडकली तर घरभर वास. म्हणून आपल्याकडे नक्षी पूर्ण झाल्यावर वार्निशचा हात देऊन अंडे रिकामे करणे बरे. मग ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून दूर ठेवावे. पावसाळ्यात खोके अधूनमधून उघडून हवा दिली की बुरशी धरत नाही.